मोफत व्हिडिओ प्लेअर : ताऱ्यांआधी पत्ता छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर अलीकडेच संगणकासाठीच्या दहा मोफत व्हिडिओ प्लेअरांची तुलना प्रसिद्ध झाली. कोणता प्लेअर किती प्रकारच्या फाइल चालवतो, कोणाचे रूप देखणे आहे, कोणात किती सोयी आहेत, हे सारे त्यात तारे देऊन मांडले होते. परंतु तो प्लेअर कोण बनवते, त्याचा खर्च कशातून भागतो आणि तो नेमका कोठून डाउनलोड करावा, याबद्दल एक ओळही नव्हती. मिरजेत संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करताना मला रोज दिसते ते असे, की दहांतला अमुक निवडला की तमुक, याने कोणाचे फारसे बिघडत नाही. चांगलाच प्लेअर भलत्या पानावरून घेतला की मात्र तो संगणक थोड्याच दिवसांत दुकानात येतो. म्हणून हे पत्र.

सोयींच्या तुलनेला मी कमी महत्त्व का देतो, हे सांगण्यासाठी व्हिडिओ फाइलच्या रचनेकडे वळावे लागेल. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे डब्यांची आहेत, आणि त्या डब्यात चित्र व आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात ती पद्धत म्हणजे कोडेक. २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४, २०१३ मध्ये आलेले एचईव्हीसी आणि गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स इत्यादींच्या आघाडीने २०१८ मध्ये आणलेले रॉयल्टीमुक्त एव्ही१ ही आजची प्रमुख कोडेक होत. ‘आधीच्या एमपी४ फाइल चालत होत्या, ही नवी चालत नाही’ या नेहमीच्या तक्रारीत डबा तोच असतो, आतला माल वेगळा असतो. आता हा माल उलगडण्याचे काम व्हीएलसी, एमपीव्ही आणि एमपीसी-एचसी या तिन्ही नामांकित प्लेअरांमध्ये बहुतांशी एकच सामायिक यंत्रणा करते, आणि ती म्हणजे फ्रेंच प्रोग्रामर फॅब्रिस बेलार्ड यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प. एकच इंजिन असलेल्या प्लेअरांना ‘किती प्रकारच्या फाइल चालतात’ या निकषावर वेगवेगळे तारे देण्यात तथ्य फार थोडे आहे.

मुळात वेगळा प्लेअर लागतोच का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. विंडोजसोबत येणारा प्लेअर साध्या फाइलींना पुरतो, पण कोडेकवरील पेटंटचे शुल्क मायक्रोसॉफ्टला भरावे लागत असल्याने तिने काही गोष्टी हळूहळू काढून घेतल्या. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा हा खर्च पुढे करूनच डीव्हीडी चालवण्याची सोय वगळण्यात आली, आणि एचईव्हीसी फाइल पाहण्यासाठीचे विस्तारक मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर वेगळे विकत घ्यावे लागते. किंमत नाममात्र, साधारण एका डॉलरएवढीच आहे. पण ज्याला कोडेक म्हणजे काय हेच ठाऊक नाही तो माणूस पडद्यावर पैशांची मागणी दिसताच बिचकतो आणि इंटरनेटवर ‘फ्री कोडेक’ शोधू लागतो. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीमध्ये चित्रीकरण करतात, लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे ड्रोन आणि नवे कॅमेरेही करतात, त्यामुळे पेन ड्राइव्हवर मिळालेले घरचेच लग्न घरच्याच संगणकावर दिसत नाही, अशी वेळ आता खेड्यापाड्यांतही येते. ‘फ्री कोडेक’च्या शोधातला धोका नवा नाही. झ्लॉब नावाचा ट्रोजन, म्हणजे उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन शिरणारा हानिकारक प्रोग्राम, २००५-०६ च्या सुमारास पसरला, तो ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक टाका’ अशी पाटी लावूनच. ज्या प्लेअरमध्ये सर्व कोडेक आतच असतात त्याला वेगळे कोडेक पॅक लागत नाही, ही एक गोष्ट जरी लोकांना कळली तरी अर्धे काम होईल.

व्हीएलसीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मोफत वस्तूचा खर्च कोण करतो या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर क्वचितच सापडते. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सान्त्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना वसतिगृहाचे संगणक जाळे सुधारून हवे होते, आणि उपग्रहावरून येणारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम त्या जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोचवण्याचा प्रकल्प त्यासाठी त्यांनी हाती घेतला. त्यातील कार्यक्रम पाठवणारा भाग सर्व्हर आणि पाहणारा भाग क्लायंट. आज आपण वापरतो तो प्लेअर म्हणजे हाच क्लायंट होय. फेब्रुवारी २००१ मध्ये महाविद्यालयाने तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा अशा अटींवर, सर्वांना खुला केला आणि २००९ पासून व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था त्याचा सांभाळ करते. चिन्ह म्हणून रस्त्यावरचा नारिंगी शंकू आला, तोही त्या विद्यार्थ्यांनी कोठून कोठून गोळा करून आणलेल्या शंकूंमुळे! संस्थेचे अध्यक्ष झाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे, की प्लेअरसोबत जाहिराती आणि टूलबार जोडण्यासाठी आलेले कोट्यवधींचे प्रस्ताव त्यांनी नाकारले. संस्था देणग्या स्वीकारते, आणि बरेचसे काम स्वयंसेवक करतात. कोडेकच्या पेटंटचा भार ती वापरणाऱ्यावर टाकत नाही, कारण संगणकीय आज्ञावलीवरचे असे पेटंट फ्रान्समध्ये ग्राह्य नाही, ही तिची भूमिका आहे. जानेवारी २०२५ मध्ये डाउनलोडची एकूण संख्या सहा अब्जांवर गेल्याचे संस्थेने जाहीर केले, तेव्हाही त्या प्लेअरमध्ये एकही जाहिरात नव्हती.

हा स्वच्छपणाच नकलाकारांच्या पथ्यावर पडतो. प्लेअरचा मूळ कोड खुला असल्यामुळे तो घेऊन, त्याला जाहिरातींचे आणि हेरगिरीचे शेपूट जोडून, तसाच शंकू लावून पुन्हा वाटणे सोपे जाते. जुलै २०११ मध्ये व्हिडिओलॅनच्याच एका सदस्याने अशा कंपन्यांविरुद्ध जाहीर तक्रार केली होती. शोधयंत्रात पैसे भरून त्या मूळ संस्थेच्या वर दिसत, आणि पैसे नसलेल्या संस्थेला त्यांच्याशी खटले लढणे परवडत नव्हते. २०१३ मध्ये व्हिडिओलॅनने सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअर वाटणाऱ्या प्रसिद्ध संकेतस्थळावरून आपला मुक्काम हलवला, कारण तेथील पानांवर ‘डाउनलोड’ लिहिलेल्या फसव्या जाहिराती खऱ्या बटणाशेजारी दिसू लागल्या होत्या. मोठाल्या हिरव्या बटणांची ती युक्ती आजही शेकडो पानांवर तशीच चालू आहे. दुकानात येणाऱ्या संगणकांत ब्राउझरचे मुखपृष्ठ बदललेले, कोपऱ्यातून जुगाराच्या जाहिराती उगवणाऱ्या आणि मालकाने कधी न मागितलेले ‘स्पीड बूस्टर’ बसलेले असे जे येतात, त्यांच्या मालकांना विचारले तर बहुधा प्लेअर किंवा पीडीएफचे काही तरी टाकल्याचे आठवते, आणि कोठून टाकले हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

अशा परिस्थितीत मूळ पत्ता लोकांपर्यंत पोचवणे हे सरकारचे काम ठरले असते. आपल्याकडे उलटे घडले. फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ भारतातील अनेक सेवांवरून उघडेनासे झाले. संस्थेला नोटीस आली नाही, की तिचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, आणि का बंद केले हे लोकांनाही सांगितले गेले नाही. संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील २००९ च्या नियमांत संबंधिताला ओळखून नोटीस देण्याची आणि त्याचे म्हणणे मांडू देण्याची तरतूद आहे, हे येथे नमूद करायला हवे. एप्रिल २०२२ मध्ये सिमँटेक या संगणक सुरक्षा कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. सिकाडा नावाचा हेरगिरी करणारा गट आपली हानिकारक फाइल व्हीएलसीच्या एका खऱ्या फाइलच्या आडून चालवतो, असे त्यात म्हटले होते, आणि बंदीचे कारण तेच असावे असा तर्क अनेकांनी लढवला. तो तर्क खरा धरला तरी उपाय उफराटाच ठरतो, कारण हल्लेखोर आधीच घुसखोरी केलेल्या संगणकांवर ही युक्ती वापरत होते आणि त्यात मूळ संकेतस्थळाचा काही संबंध नव्हता. संगणकावर आधीच बसवलेला प्लेअर त्या काळात चालू राहिला, मोबाइलच्या प्ले स्टोअरवरही तो मिळत राहिला, बंद झाला तो फक्त संगणकासाठीचा खात्रीचा दरवाजा. मग नवा संगणक घेणाऱ्याने काय केले असेल? शोधयंत्रात पुढे जे पान आले तेथून घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने व्हिडिओलॅनने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या महिन्यांत ज्यांना ‘दुसऱ्या साइटवरून घ्यायचे’ ही सवय लागली त्यांची सवय बंदी उठल्याने आपोआप सुटलेली नाही, आणि आजही काही ग्राहक मला ‘व्हीएलसी भारतात बंद आहे ना?’ असे विचारतात. बंदीच्या बातम्या ठळक आल्या होत्या, उठल्याची बातमी आतल्या पानावर राहिली.

वृत्तपत्रांबद्दल एवढे लिहिलेच आहे, तर २०१९ चेही लिहितो. त्या वर्षी जुलैमध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीएलसीमध्ये गंभीर त्रुटी असल्याचा इशारा दिला आणि जगभरच्या माध्यमांनी प्लेअर ताबडतोब काढून टाकण्याचा सल्ला छापला. तपासाअंती दिसले, की त्रुटी व्हीएलसीची नव्हतीच. ती एमकेव्ही फाइल वाचणाऱ्या लिबईबीएमएल या बाहेरच्या घटकात होती, व्हीएलसीच्या ३.०.३ आवृत्तीपासून तो घटक दुरुस्त स्वरूपात दिला जात होता आणि तक्रार करणाऱ्याच्या लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त संचालन प्रणाली) असलेल्या संगणकावर जुनाच घटक पडून होता. प्लेअरमध्ये त्रुटी निघत नाहीत असे माझे म्हणणे नाही. त्या निघतात आणि दुरुस्त होतात, म्हणूनच वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती वापरत बसू नये. पण ‘काढून टाका’ हा सल्ला देणाऱ्याने दुसरे काय घ्यावे आणि कोठून, हेही सांगायला हवे होते.

इतर प्लेअरांविषयी माझे मत थोडक्यात देतो. एमपीसी-एचसी विंडोजपुरता आहे, अतिशय हलका आहे आणि जुन्या संगणकावर मला तोच बरा वाटतो. मात्र त्याच्या मूळ चमूने जुलै २०१७ मध्ये काम थांबवले असून पुढील आवृत्त्या के-लाइट कोडेक पॅकचे कर्ते गिटहब या खुला कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर काढतात, तेव्हा जुन्या संकेतस्थळावरची प्रत घेण्यात अर्थ नाही. आपल्या यादीतही तीच जुनी आवृत्ती होती. एमपीव्ही चित्राच्या दर्जात माझ्या मते सर्वांत सरस आहे, पण त्याला मेनू जवळजवळ नाहीत, सारे कळफलकावरून आणि मजकुराच्या फाइलमधून चालते, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांसाठी तो सुचवणे धाडसाचे होईल. मॅकवर त्याच यंत्रणेवर उभा असलेला आयआयएनए देखणा आणि मुक्त आहे, आणि मॅकचा स्वतःचा क्विकटाइम एमकेव्ही उघडत नसल्याने त्याची गरजही पडते. पॉटप्लेअर दक्षिण कोरियाच्या काकाओ कंपनीचा. सोयी भरपूर, वेगही उत्तम, परंतु त्याचा कोड खुला नाही, म्हणजे आत काय चालते याबाबत कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते. याच देशातील जीओएम प्लेअरची गोष्ट येथे आठवते. २०१४ च्या आरंभी जपानच्या मोन्जू अणुभट्टीतील एका कार्यालयीन संगणकात हानिकारक प्रोग्राम शिरला, तो जीओएमच्या अद्ययावतीकरणाच्या वाटेने. कंपनीने ते मुद्दाम केले नव्हते. तिचा अद्ययावतीकरणाचा मार्गच हल्लेखोरांनी वळवला होता. तेव्हा पहिल्या दिवशी प्लेअर कोठून घेतला एवढ्यावर भागत नाही, पुढची प्रत्येक आवृत्ती कोठून येते तेही पाहावे लागते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक निकष आपल्या तुलनेत अवश्य हवा होता, तो म्हणजे देवनागरी उपशीर्षके. प्लेअरांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरे फुटत. आजच्या व्हीएलसी आणि एमपीव्हीमध्ये ती नीट दिसतात, क्वचित सेटिंगमध्ये जाऊन निर्मला किंवा मंगल हा फॉन्ट निवडावा लागतो. तरीही चौकोन किंवा अगम्य इंग्रजी अक्षरे दिसली, तर दोष बहुधा फाइलचा असतो. उपशीर्षकांची एसआरटी फाइल ही साधी मजकुराची फाइल आहे आणि ती यूटीएफ-८ या युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीच्या) पद्धतीने जतन केलेली हवी. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय प्लेअर तो सहसा देवनागरीत दाखवू शकत नाही. कीर्तनांची, शालेय धड्यांची किंवा कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठीची चित्रणे करणाऱ्या संस्थांना याची वारंवार गरज पडते. आवाजाच्या मागे-पुढे पडणारी उपशीर्षके व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कळांनी जागच्या जागी जुळवता येतात, हे त्यातल्या अनेकांना माहीतही नसते.

ज्या गोष्टींचा दोष प्लेअरला दिला जातो पण जो त्याचा नसतो, त्याही सांगायला हव्यात. एचईव्हीसीतील फोरके चित्रण जुन्या संगणकावर अडखळते, तेव्हा लोक एकामागून एक प्लेअर बदलत राहतात. खरे कारण प्रोसेसरमध्ये असते. इंटेलच्या २०१५ मधील सहाव्या पिढीपासून हे कोडेक उलगडणारे स्वतंत्र सर्किट चिपमध्ये आले आणि दहा-बिट रंगांसाठी सातव्या पिढीपर्यंत थांबावे लागले. त्याआधीच्या यंत्रात सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आणि त्यावर उपाय एकच, शूटिंगवाल्याकडून एच.२६४ मधली फुल एचडी प्रत मागून घेणे. मराठी नाटकांच्या जुन्या व्हीसीडी मोठ्या पडद्यावर धूसर दिसतात त्याचेही तसेच. व्हीसीडीचे चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचेच असते, त्यात नसलेला तपशील कोणी आणावा? मात्र व्हीएचएस किंवा मिनी डीव्हीवरून डीव्हीडीवर आणलेल्या लग्नांमध्ये, कोणी चालू लागले की त्याच्या कडांना आडव्या दातेरी रेषा दिसतात, त्याला इलाज आहे. जुन्या कॅमेऱ्यांत एका चित्राच्या सम आणि विषम ओळी निरनिराळ्या क्षणी टिपल्या जात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूतील डीइंटरलेस चालू केले की त्या रेषा जातात. फुटलेली कॅसेट म्हणून टाकून देण्याच्या बेतात असलेली चित्रणे या एका पर्यायाने पाहण्याजोगी झालेली मी पाहिली आहेत.

आपणांस विनंती एवढीच, की अशी तुलना पुन्हा प्रसिद्ध करताना प्रत्येक प्लेअरपुढे त्याच्या मूळ संस्थेचे नाव, तिचा अधिकृत पत्ता आणि शेवटची आवृत्ती कोणत्या महिन्यात आली, हे तीन तपशील ताऱ्यांच्या आधी छापावेत. विंडोजवर प्लेअर बसवताना परवानगी मागणारी जी चौकट उघडते तिच्यात प्रकाशकाचे नाव लिहिलेले असते. व्हीएलसीच्या बाबतीत तेथे ‘व्हिडिओलॅन’ असेच नाव हवे, आणि ‘अज्ञात प्रकाशक’ किंवा दुसरे काही दिसले तर ‘नाही’ दाबून फाइल पुसून टाकावी, हेही त्या तक्त्याखाली दोन ओळींत देता येईल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक घरांत आणि शाळांत सध्या संगणक बदलले जात आहेत किंवा त्यांवर लिनक्स टाकले जात आहे, म्हणजे प्लेअर नव्याने बसवणारे वाचक या काळात पुष्कळ असतील. लिनक्सवाल्यांनी तर ब्राउझर उघडण्याचीही गरज नाही. आपण बसवलेल्या लिनक्सच्या वितरणाच्या (उबुंटूसारख्या तयार संचाच्या) स्वतःच्या सॉफ्टवेअर केंद्रात व्हीएलसी आणि एमपीव्ही दोन्ही असतात, तेथूनच घ्यावेत.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, मिरज